स्वारी परदेशी, कारभार घरी

१३९० सालचा जुलै महिना. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बॉस्टन बंदरात सुतारांची ठाकठूक चालली होती. (अमेरिकेतल्या बॉस्टनला नाव मिळालं ते याच गावावरून.) दोन जहाजं भाड्याने घेतली होती, आणि त्यांवर फळ्या ठोकून माणसं राहतील अशा खोल्या काढायच्या होत्या. धक्क्यावर खारवलेल्या मासळीची आणि बिअरची पिंपं, पीठ, मेणबत्त्या, मसाले, जिवंत कोंबड्या असा सगळा पसारा. आणि या गर्दीत एक धर्मगुरू प्रत्येक जिनसाची किंमत लिहून घेत होता. त्याचं नाव रिचर्ड किंग्स्टन, या स्वारीचा खजिनदार. त्याचा धनी होता हेन्री, डर्बीचा अर्ल, वय २३. अर्ल म्हणजे आपल्याकडच्या भाषेत मोठ्या जहागिरीचा सरदार. बाप जॉन ऑफ गाँट, लँकेस्टरचा ड्यूक, म्हणजे राजाखालोखाल देशातला सगळ्यात श्रीमंत माणूस. राजा दुसरा रिचर्ड हा हेन्रीचा सख्खा चुलतभाऊ.

हेन्री निघाला होता बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरच्या प्रशियाला. तिथल्या ट्यूटॉनिक नाइट्स या लढाऊ धर्मसंघाच्या बाजूने लिथुएनियावर चालून जायचं, शौर्य आणि पुण्य दोन्ही गाठीला बांधायचं, असा बेत. (लिथुएनियाच्या राजाने चारच वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला होता, त्यामुळे पुण्याची बाजू जरा लंगडीच होती.) ही स्वारी १३९१च्या एप्रिलअखेर परतली. पुढच्याच वर्षी, १३९२च्या जुलैत, तो पुन्हा निघाला. प्रशियात या वेळी लढाईच नाही असं कळल्यावर बरीच माणसं घरी धाडली आणि उरलेल्यांना घेऊन प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस करत थेट जेरुसलेम गाठलं. इंग्लंडात पाऊल ठेवलं ते १३९३च्या जूनअखेर. तीन वर्षांत जवळजवळ वीस महिने माणूस घराबाहेर!

मागे होती बायको मेरी, एकापाठोपाठ झालेली लहान मुलं, वेल्समधल्या ब्रेकनपासून पूर्व इंग्लंडपर्यंत विखुरलेल्या जमिनी, आणि त्या जमिनींवर वसूल करणारे, विकणारे, दुरुस्त्या करणारे, जमलं तर खाणारेही लोक. व्हेनिसहून लंडनला पत्र पोचायला साधारण महिना. बाल्टिक समुद्र हिवाळ्यात जहाजांना बंद. मग हे सगळं चालायचं कसं?

थोडक्यात सांगायचं तर परदेशातून तो ते चालवतच नव्हता. आपल्यावाचून ते चालेल, आणि परतल्यावर कुणी काय खाल्लं ते सापडेल, एवढी तजवीज करून तो निघत असे. मला या सगळ्यात खरं कौतुक वाटतं ते या तजविजीचं. लढाया सगळेच करत होते.

एका घराची दोन घरं

मराठीत ‘स्वारी’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. ‘स्वारी आली’ म्हटलं की खुद्द माणूसही आला आणि त्याच्याबरोबरचा लवाजमाही. इंग्लंडमधल्या बड्या सरदाराचं घरही असंच होतं. घर म्हणजे इमारत नव्हे, माणसं. शंभर-दोनशे नोकरचाकर, त्यांचं जेवण, घोडे, गाड्या, भांडीकुंडी, प्रार्थनेचं साहित्य, हे सगळं मिळून घर. ते वर्षभर एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात हलतच असायचं. म्हणून परदेशी निघायचं झालं तरी नवं काही उभारायची गरज पडत नसे. असलेल्या घराचे दोन भाग करायचे. एक स्वारीबरोबर जाणारा, एक मागे बाईसाहेबांजवळ राहणारा.

पेशवाईतल्या कारखान्यांची नावं ज्यांना माहीत आहेत त्यांना या घराची रचना ओळखीची वाटेल. रोटी-भाकरीचं एक खातं, बिअर-वाइनच्या पिंपांचं दुसरं, मग मुदपाकखाना, मसाल्यांची कोठी, कोंबड्या-बदकांचं खातं, भांडी घासणाऱ्यांचं खातं, मेणबत्त्यांचं खातं, कपडे-जवाहीर ठेवणारा जामदारखाना, आणि पागा. प्रत्येक खात्याचा एक माणूस जबाबदार. प्रवासातही ही खाती तशीच राहायची, फक्त आकाराने लहान व्हायची. किंग्स्टनच्या प्रवासाच्या वहीत खर्च याच मथळ्यांखाली मांडलेला दिसतो. गाव प्रशियातलं असो की इटलीतलं, मुदपाकखान्याचा खर्च मुदपाकखान्याखालीच.

मेख आहे ती रोजच्या हिशेबात. बड्या घरांत रीत अशी होती की दिवस संपला की खातेप्रमुखांनी कारभाऱ्यासमोर उभं राहायचं. आज किती भाकऱ्या लागल्या? किती कोठीतून काढल्या, किती विकत आणल्या? बिअरचे किती गॅलन? घोडे किती, त्यांना ओट किती? पानावर माणसं किती होती, पाहुणे कोण? कारकून ते चर्मपत्राच्या गुंडाळीवर लिहून घेई. ही त्यांची रोजकीर्द. महिनाअखेर बेरीज, वर्षाअखेर मोठी बेरीज. आकडे रोमन पद्धतीचे, त्यामुळे कागदावर बेरीज करणं म्हणजे डोकेदुखी. म्हणून रेघा मारलेल्या पाटावर किंवा कापडावर धातूच्या चकत्या सरकवून हिशेब करत आणि उत्तर तेवढं लिहून ठेवत.

आता यात धनी कुठे आला? कुठेच नाही. धनी शिकारीला गेला, आजारी पडला किंवा लिथुएनियातल्या विल्नियसच्या तटाखाली तंबूत बसला, तरी संध्याकाळचा हिशेब व्हायचाच.

किंग्स्टनच्या वह्या लॅटिनमध्ये आहेत आणि आज त्या लंडनजवळ क्यू इथल्या सरकारी दफ्तरखान्यात, लँकेस्टर घराण्याच्या कागदांत आहेत. इतर कितीतरी सरदारांच्या अशा वह्या उंदरांनी खाल्ल्या. या वाचल्या, कारण पुढे हेन्री राजा झाला आणि त्याचं घरगुती दप्तर सरकारी दप्तरात जमा झालं. वाचताना मौज वाटते ती त्यांच्या निर्विकारपणाची. देवळात टाकलेलं दान, वाटेवरच्या भिकाऱ्याला दिलेलं नाणं, वादकांची बिदागी, धन्याने फाशांच्या खेळात हरलेले पैसे, सगळं एकाच सुरात. धन्याचा जुगार लपवण्याचा प्रश्नच नव्हता. तो लपवला असता तर तेवढे पैसे किंग्स्टनच्या अंगावर आले असते.

हे शेवटचं वाक्य सगळ्या पद्धतीची किल्ली आहे. आज आपण जमाखर्च मांडतो तो नफा किती हे कळायला. त्या काळच्या हिशेबाला नफ्याशी घेणं नव्हतं. त्याचा प्रश्न एकच: तुझ्या हाती किती दिलं, त्यातलं किती योग्य कारणी लागल्याचं तू दाखवू शकतोस, आणि उरलेलं कुठे आहे? जे दाखवता येत नाही ते तुझ्याकडे बाकी. ती बाकी पुढच्या वर्षीच्या हिशेबात पहिल्या ओळीला येणार, त्याच्या पुढच्या वर्षीही येणार, आणि तू मेलास तरी तुझ्या वारसांच्या मागे लागणार.

हुंडी, बिबट्या आणि बापाचा पैसा

दोन्ही प्रवासांचा खर्च प्रत्येकी चार हजार पौंडांच्या वर गेला. हा आकडा केवढा? एका पौंडाचे २४० पेन्स. लढाईतल्या घोडेस्वार तिरंदाजाचा रोज होता सहा पेन्स, आणि तोही चांगला मानला जाई. म्हणजे चार हजार पौंडांत एका तिरंदाजाला सुमारे ४३८ वर्षं पोसता आलं असतं. एवढा पैसा तरुण हेन्रीच्या स्वतःच्या जमिनींतून निघणं शक्य नव्हतं. मोठा वाटा बापाने उचलला. पोराने नाव काढावं, आणि चुलतभाऊ राजाशी त्याचं फारसं पटत नाही तेव्हा काही दिवस दूर असलेलाच बरा, असा हिशेब जॉन ऑफ गाँटने केला असावा. तो माझा अंदाज.

पैसे बरोबर न्यायचे कसे? थोडी नाणी, थोडी चांदीची भांडी. भांडी म्हणजे जेवायच्या पंगतीतली शोभा आणि अडीनडीला मोडायची पुंजी, दोन्ही. पण वर्षभराची रोकड पेटाऱ्यात घालून आल्प्स ओलांडणारा माणूस लुटला जाणार हे कुणालाही कळतं. इथे उपयोगी पडले इटालियन व्यापारी. त्यांची पद्धत आपल्या हुंडीचीच. लंडनच्या पेढीत ड्यूकच्या माणसाने पौंड भरायचे, त्या पेढीने व्हेनिसच्या आपल्या माणसाला चिठ्ठी लिहायची, आणि तिथे हेन्रीच्या खजिनदाराने डुकाट उचलायचे. पेढीचा फायदा नाण्यांच्या भावात. त्यामुळे व्हेनिस हे हेन्रीच्या प्रवासातलं नुसतं ठिकाण नव्हतं, ती त्याची बँकेची शाखा होती. जेरुसलेमहून परत आल्यावरही तो तिथेच आला आणि पुढच्या वाटेचा पैसा तिथेच उचलला.

परतीच्या लवाजम्यात एक पोपट होता आणि एक बिबट्या. बिबट्या बहुधा सायप्रसच्या राजाची भेट. भेट म्हणून मिळालेल्या प्राण्याला पैसे पडत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी किंग्स्टनला विचारावं. बिबट्याला सांभाळणारा माणूस लागतो, त्याला खायला लागतं, जहाजात जागा लागते, आणि या सगळ्याची नोंद खजिनदारालाच करावी लागते.

वाड्यावर मागे काय चालायचं

आता घरी येऊ. १३९०च्या सप्टेंबरात हेन्री विल्नियसला वेढा घालून बसला होता. पाच आठवडे चाललेला तो वेढा शेवटी उठवावा लागला. तो उठायच्या बेतात असताना, ३ ऑक्टोबरला, इकडे मेरीला चौथा मुलगा झाला. त्याचं नाव हंफ्री. बापाला ही बातमी परमुलखातच कळली.

मेरी तेव्हा विशीच्या आसपास होती. पण ती साधी गृहिणी नव्हती. हेन्रीकडे ज्या जमिनी होत्या त्यांतला मोठा भाग तिनेच माहेरून आणलेला. तिचे वडील हेरफर्डचे अर्ल. त्यांना मुलगा नव्हता, दोन मुलींत इस्टेट वाटली गेली, आणि धाकटीचा वाटा हेन्रीच्या घरात आला. मेरीची आई जोन, विधवा काउंटेस, स्वतःची इस्टेट स्वतः चालवणारी खमकी बाई. त्या काळी सरदारांच्या मुलींना हे शिकवलंच जायचं. नवरा लढाईवर किंवा दरबारात, म्हणजे वर्षातला निम्मा काळ बाहेर. कोठीच्या किल्ल्या कुणाकडे, कारभाऱ्याला काय विचारायचं, कुळांचं भांडण आलं तर कुणाकडे पाठवायचं, हे बाईसाहेबांना ठाऊक असणं गरजेचं होतं.

पण जमिनींचा कारभार एकट्या बाईसाहेबांवर नव्हता. तो अशा माणसांत वाटून दिलेला असे की एकाला दुसऱ्यावाचून काही करता येऊ नये. गावात खालच्या पायरीवर होता गावकामगार, बहुतेकदा कुळांतूनच निवडलेला. तो पेरणी-कापणी बघे, खंड गोळा करे. त्याच्यावर दिवाण. हा वर्षातून ठरावीक वेळा गावोगाव जाऊन जहागिरीची कचेरी भरवी, भांडणं तोडी, दंड बसवी. पण दंडाचा पैसा दिवाणाच्या हाती जात नसे! तो गोळा करणारा वसुली अंमलदार वेगळा. आणि या तिघांचाही हिशेब तपासणारे हिशेबतपासनीस आणखी वेगळे, ते थेट धन्याच्या मसलतमंडळाला जबाबदार. आपल्याकडे दिवाण, मुजुमदार, फडणीस, पोतनीस अशी कामं फोडून ठेवण्यामागे हेच शहाणपण होतं. ज्याच्या हाती हुकूम त्याच्या हाती पैसा नाही, ज्याच्या हाती पैसा त्याच्या हाती वही नाही.

हिशेबाचं वर्ष संपे २९ सप्टेंबरला. या दिवसाला मायकेलमस म्हणत, देवदूत मायकेलचा सण. पीक कापून झालेलं, नवी पेरणी व्हायची असते, म्हणजे आपल्या पाडव्यासारखा हिशेबाला सोयीचा मुहूर्त. त्यानंतर हिशेबतपासनीस घोड्यांवर बसून फिरतीवर निघत.

त्यांच्यासमोर उभा राहिलेला गावकामगार डोळ्यांसमोर आणा. लिहितावाचता येत नाही. हातात लाकडाच्या चिपाट्यांचा जुडगा. या चिपाट्या म्हणजे त्याच्या पावत्या. वसुली अंमलदाराला पैसे दिले की एका काठीवर खाचा पाडत: मोठी खाच जास्त रकमेची, बारीक खाच कमीची. मग काठी उभी चिरायची. एक फाक देणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे. तपासणीला दोन्ही फाका एकमेकींना लावायच्या. खाचा जुळल्या, लाकडाच्या शिरा जुळल्या, तर पैसे पोचले. पैसे घेणाऱ्याने मागाहून खाच वाढवली किंवा देणाऱ्याने घटवली, तर दुसरी फाक चुगली करणार. अक्षरओळख नसलेल्या माणसाच्या हाती इतका पक्का पुरावा देणारी युक्ती मी दुसरी पाहिलेली नाही.

मग प्रश्नोत्तरं. मेंढ्या गेल्या वर्षी किती होत्या? कोकरं किती झाली? मेली किती? मेली तर कातडी कुठे आहेत? कोंबड्या किती, अंडी किती? गहू पेरला किती, निघाला किती? उत्तर पटलं नाही की तपासनीस सरळ आकडा खोडून आपला आकडा लिही आणि कमी पडलेला माल ‘हिशेबात विकला’ असं दाखवून त्याची किंमत त्या बिचाऱ्याच्या नावे टाकी. मेंढी खरंच लांडग्याने नेली की गावकामगाराच्या मेहुण्याने, याच्याशी तपासनिसाला कर्तव्य नसे.

सगळी पद्धत अविश्वासावर उभी होती, आणि म्हणूनच धन्याला निश्चिंतपणे जाता येत होतं. पण ती खर्चीक आणि किचकटही होती. हेन्रीच्या काळापर्यंत एक मोठा बदल झाला होता. १३४८-४९च्या प्लेगमध्ये इंग्लंडची फार मोठी लोकसंख्या मेली. मजूर मिळेनात, मजुरी चढली, स्वतः शेती करणं सरदारांना परवडेना. तेव्हा त्यांनी आपल्या घरच्या जमिनीही ठरावीक रकमेच्या खंडाने देऊन टाकायला सुरुवात केली. आता कोकरं मोजायची गरज नव्हती. वर्षाला ठरलेली रक्कम आली की झालं. कोकणातल्या कितीतरी कुटुंबांनी मुंबईला नोकरी धरल्यावर हेच केलं, हे सांगायला नकोच. मालक दूर जातो तसा वाट्याचा खंड होतो. उत्पन्न कमी येतं, झोप बरी लागते.

खरं-खोटं ओळखायचं कसं?

एवढं करूनही मधेच काही निघालंच, तर पत्र येणार. ते धन्याचंच कशावरून? बड्या घरांत साधारण दोन शिक्के असत. मोठा शिक्का घरी, मसलतमंडळाच्या ताब्यात, नेहमीचे करार आणि हुकूम त्यावर. लहान शिक्का, बहुधा अंगठीतला, धन्याबरोबर. त्याच्या पत्रावर तो उमटलेला असला की मजकूर खास त्याचा.

पण शिक्का चोरीला जाऊ शकतो. म्हणून आणखी एक सुंदर पद्धत होती: खूण. पत्र आणणारा जासूद तोंडी असं काही सांगे जे दोघांनाच ठाऊक असेल. ‘गेल्या वेळी बागेच्या दारात तुम्ही मला अमुक बोललात’ अशा धर्तीचं. ओटीपीचा आजोबाच म्हणा ना.

आणि मग येतात सरकारी कागद. इथे जरा नेट लावून वाचा, कारण पुढची सगळी गोष्ट यांवर फिरते.

राजाच्या कामावर बाहेर जाणाऱ्याला राजाकडून संरक्षणपत्र मिळे, बहुधा वर्षभराचं. त्या मुदतीत त्याच्यावर बहुतेक दावे चालवता येत नसत. मालक प्रशियात असताना शेजाऱ्याने इकडे कोर्टात जाऊन एकतर्फी निकाल घ्यायचा, ही भीती खरी होती. (लबाड लोक संरक्षणपत्र घेऊन लंडनमध्येच दडी मारून बसत आणि सावकारांना झुलवत. उघडकीला आलं की पत्र रद्द.)

दुसरा कागद मुखत्यारपत्राचा. धन्याच्या नावाने कोर्टात उभं राहायला, हक्क मागायला, घ्यायला एक-दोन माणसं नेमायची आणि ती नेमणूक राजाच्या दप्तरात नोंदवायची. आज मुलगा अमेरिकेला निघाला की आईबाप त्याच्याकडून पुण्याच्या फ्लॅटचं कुलमुखत्यारपत्र करून घेतात, तेच हे. फरक एवढाच की त्यांच्याकडे हा अधिकार राजाच्या मेहेरबानीवर टिकून होता.

तिसरी तजवीज मरणाची. धनी प्रवासात मेला आणि मुलगा अज्ञान असला तर थेट राजाकडून धरलेली जमीन राजाच्या ताब्यात जाई. मुलगा वयात येईपर्यंत उत्पन्न राजाचं, शिवाय मुलाचं लग्न कुणाशी लावायचं हेही राजा ठरवणार आणि तो हक्क चक्क विकणार. यातून वाट काढायला सरदार निघण्याआधी काही जमिनी विश्वासू मित्रांच्या नावे करत. मालक कागदोपत्री ते, उपभोग घरच्यांचा. मित्र पाच-सहा असत, सगळे एकदम मरणार नाहीत, म्हणून जमीन कधी अज्ञान वारसाच्या हाती पडायचीच नाही. आजचा ट्रस्ट नावाचा प्रकार याच पळवाटेतून जन्माला आला.

एक मुखत्यारपत्र फाटलं तेव्हा

हौसेच्या दोन प्रवासांनंतर हेन्रीला तिसऱ्यांदा परदेशी जावं लागलं ते नाइलाजाने. १३९८मध्ये त्याचं आणि नॉरफोकच्या ड्यूकचं वितुष्ट आलं, द्वंद्वयुद्ध ठरलं, आणि ऐन मैदानात राजा रिचर्डने ते थांबवून दोघांनाही हद्दपार केलं. हेन्रीला दहा वर्षं. तो पॅरिसला जाऊन राहिला.

म्हातारा बाप आजारी होता. तो या दहा वर्षांत जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. बाप मेला की वारसाने राजापुढे हजर होऊन निष्ठेची शपथ घ्यायची आणि मग जमीन ताब्यात घ्यायची, असा नियम. हद्दपार माणूस हजर कसा होणार? म्हणून निघताना हेन्रीने राजाकडून लेखी घेतलं होतं. वारसा आलाच तर माझे मुखत्यार माझ्या वतीने तो मागतील, शपथ मी परतल्यावर घेईन. राजाने त्यावर मोहोर उमटवली होती. दोन प्रवासांचा अनुभव असलेल्या माणसाने कागद पक्के केले होते, यात शंका नाही.

३ फेब्रुवारी १३९९ला जॉन ऑफ गाँट वारला. लँकेस्टरची इस्टेट म्हणजे देशभर पसरलेले किल्ले, गावं, हजारो कुळं आणि शेकडो अंगरक्षक सरदार. ती एका हद्दपार चुलतभावाच्या मुखत्यारांना द्यायची? १८ मार्चला रिचर्डने ते मुखत्यारपत्र रद्द केलं, हद्दपारी जन्मभराची केली आणि जमिनी आपल्या मर्जीतल्या सरदारांकडे सांभाळायला दिल्या. शब्दांची सफाई अशी की हेन्री किंवा त्याचा वारस येऊन मागेपर्यंतच हा ताबा आहे. यायची बंदी आणि मागायची मुभा!

देशातल्या प्रत्येक जमीनदाराला यातून एकच गोष्ट कळली. राजाची मोहोर असलेला कागद लँकेस्टरला वाचवू शकत नसेल तर आपलं काय?

आणि मग रिचर्डने स्वतः तेच केलं जे त्याने हेन्रीला करू दिलं नव्हतं. मे संपता संपता तो घर-लवाजमा घेऊन समुद्रापार आयर्लंडच्या मोहिमेवर निघाला, मागे राज्य काका यॉर्कच्या ड्यूककडे सोपवून. जुलैच्या सुरुवातीला हेन्री मूठभर माणसांनिशी यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर रावेन्स्परला उतरला. मी फक्त माझा वारसा मागायला आलोय, असं त्याचं म्हणणं. तिथून तो पिकरिंगला गेला, नेअर्सबरोला गेला, पॉन्टेफ्रॅक्टला गेला. तिन्ही लँकेस्टर घराण्याचे किल्ले. जमिनी नावावर कुणाच्याही चढल्या असोत, तिथे काम करणारे, बापाकडून वर्षासन घेतलेले, करार केलेले लोक लँकेस्टरचेच होते. ते भराभर येऊन मिळाले. रिचर्डला बातमी कळून आयर्लंडहून परतायला उशीर झाला, आणि तो परतला तेव्हा काकाही हेन्रीला सामील झालेला होता.

सप्टेंबरअखेर रिचर्ड लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होता. हेन्रीच्याच बाजूच्या लोकांनी लिहून ठेवलेल्या सरकारी नोंदीनुसार त्याने हसतमुखाने राज्य सोडलं आणि आपल्या शिक्क्याची अंगठी काढून हेन्रीच्या बोटात घातली. हसतमुखाने वगैरे कुणी मानू नये. तारीख मात्र पक्की आहे: २९ सप्टेंबर, मायकेलमस. गावोगावचे कारभारी त्या दिवशी वर्षाचा हिशेब बंद करून चिपाट्यांचे जुडगे बांधत होते.